ठाकूरद्वारच्या निळ्या सायकली

गिरगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं म्हणजे "ऐकू येतंय का?" आणि "काय म्हणालीस?" एवढंच उरलंय. माझ्या डाव्या कानानं कायमची रजा घेतली आहे आणि उजव्यातलं मशीन तुझा आवाज आला की शिट्टी मारतं. म्हणून म्हटलं, पूर्वीसारखं पत्रच लिहावं. मी कागदावर लिहीन आणि ऋग्वेदा त्याचे फोटो काढून तुला मेलबर्नला पाठवील. राजसची ही पोर आता नोकरीला लागली. आजीचं अक्षर तिला लागतं, हे काय कमी आहे?

बातमी अशी की, ठाकूरद्वारला मेट्रोच्या जिन्यापाशी भाड्याच्या सायकली आल्या आहेत. निळ्या रंगाच्या, विजेवर चालणाऱ्या. दुकान नाही, दुकानदार नाही. फोन दाखवायचा की कुलूप उघडतं, आणि काम झालं की दुसऱ्या नाक्यावर सोडून द्यायची. मी भाजी घेऊन येताना रोज दोन मिनिटं तिथं उभी राहते. काल पिशवीतली मेथी वाळून गेली.

मला फणसवाडीतला कुशाबा आठवतो. सायकल तासावर द्यायचा, पण हातात देण्याआधी दुकानासमोर एक चक्कर मारायला लावायचा, ब्रेक दाबून दाखवायला लावायचा, आणि "डबलसीट दिसलात तर पुन्हा या दारात यायचं नाही" असा दम भरायचा. मुलींची सायकल त्याच्याकडे नव्हतीच. मी परकर खोचून, दांड्याखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर चालवायचे. पुढे तुला शिकवलं तेही त्याच सायकलवर. तुझी आई माडीवरून ओरडत असायची, "सुमे, माझं पोर पाडशील!" आत्याचा तो आवाज मला अजून या कानानं ऐकू येतो.

तुमच्याकडे अशा सायकलींना काय नियम आहेत रे? लायसन्स लागतं का? म्हाताऱ्या माणसांना देतात का? वेग किती असतो? पडलं तर जबाबदार कोण? सविस्तर लिही.

तुझी
सुमाताई


मेलबर्न,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. सुमाताईस,
सा. न.

तुझं अक्षर पाहिलं आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली. देविका म्हणाली, "बाबा, वाईट बातमी आहे का?" म्हटलं, "नाही, माझी मामेबहीण आहे."

नियम विचारतेस? अगं, इथे नियमांचाच सुकाळ आहे. सायकल म्हटली की हेल्मेट हवंच, मग चालवणारा पाच वर्षांचा असो की माझ्यासारखा सत्तरी ओलांडलेला. भाड्याच्या ई-बाइकला तर हेल्मेट टांगूनच ठेवलेलं असतं. कुणाकुणाच्या घामाचं, देव जाणे. गेल्या महिन्यात मी कोपऱ्यावर दूध आणायला निघालो होतो. पोलीसबाईंनी थांबवलं. "सर, तुमचं हेल्मेट?" म्हटलं, "घरी आहे, मजेत आहे." त्यांनी न हसता पावती फाडली. देविका आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

आपण काय घालायचो ताई? डोक्यावर खोबरेल तेल! गिरगाव रोडला ट्रॅमच्या रुळात माझं चाक अडकलं, तेव्हा मागून ट्रॅम घंटा बडवत येत होती, आणि तू एका हातानं मला आणि दुसऱ्यानं सायकल उपटून फुटपाथवर फेकलीस. मग आपण दोघं शेणवाल्या बैलगाडीमागे बसून हसत सुटलो होतो. आता वाडीतलं आमचं घर गेलं, ट्रॅम गेली, बैल गेले. उरला तो डोक्याला लागणारा वारा, आणि त्यावरही इथे कायदा. पण नदीकाठच्या वाटेवर मी हेल्मेट काढून हँडलला लटकवतो. तिथं कोण बघतंय?

बाकी तुझे प्रश्न वाचून मी ओळखलं. तुला त्या निळ्या सायकलींविरुद्ध वॉर्ड ऑफिसात अर्ज करायचा आहे. वय झालं की सगळे अर्ज करायला लागतात. तूसुद्धा, ताई?

तुझा
मनू


गिरगाव,
७ डिसेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आमच्या पहिल्या मजल्यावरची सरोजिनी तुला ठाऊक आहे, माझ्याबरोबर बाजाराला येते ती. अठ्ठावीस तारखेला आम्ही दोघी फुटपाथवरून येत होतो. मागून एका निळ्या सायकलवर दोन तरुण, डबलसीट, फुटपाथवरच. विजेची गाडी, आवाज म्हणून नाही. मी आतल्या बाजूला होते, ती बाहेरच्या. तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, घरी आली आहे, पण चालायला वॉकर लागतो. सरोजिनी, जी माझ्याआधी जिना उतरायची!

इमारतीत सगळे भडकले आहेत. राजस सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्यानं सह्या गोळा केल्या, "या सायकली गिरगावातून हटवा" म्हणून. वॉर्ड ऑफिसनं जानेवारीत रहिवाशांची सभा ठेवली आहे. कंपनीचा माणूसही येणार आहे. राजसनं कागद माझ्यापुढे धरला, "आई, सही कर." मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा माझ्या डोक्यावर होता.

आता खरं सांगते, पण हे तुझ्या-माझ्यातच ठेव. मी अर्ज करायला नव्हते विचारत. मी ती सायकल चालवते.

दिवाळीनंतर एका पहाटे ऋग्वेदाला म्हटलं, मला ते कुलूप उघडून दाखव. तिनं माझ्याच फोनवर माझ्याच नावानं खातं काढलं. वय विचारलं, खरं भरलं. सायकलनं मुकाट्यानं कुलूप उघडलं. पंजाबी ड्रेस घालून गेले होते. पोर शेजारून धावत होती, "आजी, हळू! आजी, ब्रेक!" पाय उचलला. पायडलवर जरासा दाब दिला, आणि मागून कुणी हलकेच ढकलावं तशी ती निघाली. पन्नासहून जास्त वर्षं झाली रे. लग्नानंतर कुणी चालवू नको म्हटलं नव्हतं. कुणी चालवतेस का म्हणूनही विचारलं नव्हतं. चौपाटीच्या वळणावर वारा कानाशी आला. डाव्या कानाशीसुद्धा. तू हस हवं तर.

तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा जाते. घरी सांगते, फिरायला जाते. शैला, माझी सून, बिचारी म्हणते, "आईंच्या तोंडावर किती तरतरी आली आहे, चालण्यानं!"

आता सरोजिनीच्या खाटेपाशी बसते तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. सायकली गेल्या तर तिचं समाधान होईल. पण माझी पहाट जाईल. सभेत मी बोलावं असं मनात आहे. त्या सायकली राहाव्यात, पण माणसांनी नीट चालवाव्यात, असं काहीतरी. आणि हेल्मेटची सक्ती करणार म्हणे. त्यावर तू काय म्हणशील?

सुमाताई


मेलबर्न,
१२ डिसेंबर २०२५

ती. सुमाताईस,
सा. न.

मी हसलो नाही. मी उठून अंगणात गेलो आणि शेजारच्या ग्रीक म्हाताऱ्याला सांगितलं, माझी पंचाहत्तर वर्षांची बहीण बॉम्बेमध्ये सायकल चालवते. त्यानं घरात जाऊन बायकोला सांगितलं. ताई, तू आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहेस.

सरोजिनीबाईंचं वाईट वाटलं. तो दोष मात्र त्या दोन पोरांचा आणि फुटपाथ मोकळा न ठेवणाऱ्यांचा.

सभेत ठणकावून सांग. पायी चालणाऱ्याला सायकलवाल्याच्या टोपीचा काय उपयोग? सरोजिनीबाईंचं हाड त्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट असतं तर वाचलं असतं का? सक्ती केली की लोक सायकलच सोडतात, इथे कितीतरी लोकांनी सोडली. मग रस्त्यावर उरतात मोटारी. आवर घालायचा तर मोटारींना घाला. हे सगळं तू तुझ्या पद्धतीनं सांग, तुझ्यापुढे कोण टिकणार? उद्या मी नदीकाठी जाईन तेव्हा तुझ्या नावानं दोन चकरा जास्त मारीन, उघड्या डोक्यानं.

तुझा
मनू


मेलबर्न,
४ जानेवारी २०२६

ती. सुमाताईस,
सा. न.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. इथे उन्हाळा आहे. माझी तब्येत ठीक आहे. सभेची तयारी झाली असेल. तू सायकल चालवत राहा. थोडा कामात आहे म्हणून एवढंच.

मनू


गिरगाव,
६ जानेवारी २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू कामात आहेस? निवृत्त होऊन तुला दहा वर्षं झाली. कसलं काम?

तुझ्या पत्रात एकही थट्टा नाही, मनू. तुझे वडील गेले तेव्हासुद्धा तू मला लिहिलेल्या पत्रात भटजींच्या छत्रीबद्दल एक ओळ होती. काय झालंय ते लिही. तुला लिहायचं नसेल तर देविकाला लिहायला सांग. मी वाट बघते आहे.

सुमाताई


मेलबर्न,
८ जानेवारी २०२६

ती. सुमाआत्यास,
नमस्कार.

मी देविका. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. बाबांनी लहानपणी शिकवलं तेवढंच. चुका झाल्या तर समजून घे.

बाबा पडले. एकोणीस डिसेंबरला, नदीच्या वाटेवर. तिथे लाकडी छोटा पूल आहे, तो ओला होता. चाक घसरलं आणि डोकं कठड्यावर आपटलं. हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. पळायला आलेल्या एका बाईनं फोन केला. डोक्यात आत रक्त साचलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. दोन दिवस ते मला ओळखत नव्हते. मला "सुमाताई" म्हणत होते. मग ओळखू लागले. एकतीस तारखेला घरी आणलं.

आता ते बोलतात, जेवतात, पण उभं राहिलं की सगळं फिरतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी होईल, पण सायकल पुन्हा कधीच नाही. हे ऐकल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चार तारखेचं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. मी म्हटलं, आत्याला खरं सांगू या. ते म्हणाले, "तिला कळलं तर ती सायकल सोडेल. ती सोडता कामा नये." मी वचन दिलं होतं. तुझं पत्र वाचून मोडलं. मला राग येतो त्यांचा, आत्या. किती वेळा सांगितलं होतं. पण ते झोपले की मी त्यांच्या डोक्यावरचे टाके बघत बसते, आणि मग राग राहत नाही.

तू त्यांना रागावू नकोस.

तुझी
देविका


गिरगाव,
२५ जानेवारी २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रागावणार नाही, असं मी देविकाला कळवलं होतं. तेव्हा रागावत नाही. सिद्धिविनायकाला जाऊन आले. प्रभादेवीच्या रांगेत उभी असताना एकदाच तुला मनातल्या मनात काय हवं ते बोलून घेतलं. आता तो विषय संपला.

शुक्रवारी सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये. गर्दी बरीच होती. वॉर्ड ऑफिसचे एक साहेब, कंपनीकडून अनिश म्हणून एक चुणचुणीत तरुण, आणि पहिल्या रांगेत वॉकर पुढे ठेवून सरोजिनी. राजस व्यासपीठाशेजारी सह्यांचे कागद घेऊन उभा. तो चांगला बोलला. म्हणाला, "या गाड्यांना नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही, फुटपाथ अडवतात, माणसं पाडतात. आमच्या घरातली म्हातारी माणसं खाली उतरायला घाबरतात."

मग कुणाला बोलायचंय का विचारलं. मी हात वर केला. राजसला वाटलं, मी त्याच्या बाजूनं बोलणार. त्यानंच माझ्या हातात माइक दिला.

मी म्हटलं, "मी सुमती. गिरगावातलीच. म्हातारी. मी खाली उतरायला घाबरत नाही. मी ही सायकल चालवते."

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, आजी गंमत करते आहे. राजस हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हे खरं आहे. मनू, त्याचा चेहरा असा झाला, जसा तो शाळेत असताना माझा हात सुटून गर्दीत हरवला होता तेव्हा झाला होता.

तुझे मुद्दे मी पाठ केले होते. ते सगळे खरेही असतील. पण तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "माझा एक भाऊ आहे. त्याला सायकल मी शिकवली. माझ्याहून चांगली चालवतो. त्याचं हेल्मेट हँडलला होतं आणि तो पडला. दोन दिवस त्याला स्वतःची मुलगी ओळखता आली नाही. तेव्हा सायकलबरोबर हेल्मेट द्या, आणि ते घातल्याशिवाय कुलूप उघडू देऊ नका. फुटपाथवर चढली की गाडी बंद पडू दे. गल्लीत वेग आपोआप कमी होऊ दे. एका गाडीवर एकच माणूस. पण गाडी नेऊ नका. माझ्यासारखीला या वयात नवीन काय मिळतं? गोळ्या. ही एक गोष्ट मिळाली आहे."

 मला भीती फक्त सरोजिनीची होती. ती बसूनच म्हणाली, मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून. "माझ्याजवळ तासन् तास बसायचीस, आणि हे लपवलंस?" मी म्हटलं, "हो गं." ती मग साहेबांकडे वळून म्हणाली, "ही म्हणते ते सगळे नियम लिहून घ्या. त्यातला एक जरी कमी झाला तर मी स्वतः येऊन या सायकली ढकलून देईन, वॉकरनं."

साहेबांनी लिहून घेतलं. तो अनिश फोनवर कुणाशी तरी बोलून आला. म्हणाला, कंपनीला सगळं मान्य आहे. हेल्मेट, वेग, एकच माणूस, ठरल्या जागीच उभी करायची. "फक्त एक," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघायचं टाळून पुढचं बोलला. आता सगळ्या स्वारांचा विमा काढावा लागेल, आणि विमेवाले सत्तरच्या वरच्यांना घेत नाहीत. तेव्हा एक मार्चपासून सत्तरच्या वरच्यांना गाडी मिळणार नाही.

टाळ्या वाजल्या. बहुतेकांना ते वाक्य नीट ऐकूच गेलं नसावं. मला, या कानांना, स्वच्छ ऐकू आलं.

राजस त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं की "बस" एवढंच म्हणतो. ऋग्वेदालाही त्यानं खूप सुनावलं. ती रडली, मग मला येऊन म्हणाली, "आजी, मला काही वाईट वाटत नाहीये."

तू बरा हो. जेवत जा.

सुमाताई


मेलबर्न,
६ फेब्रुवारी २०२६

ती. सुमाताईस,
सा. न.

हे पत्र मी स्वतः टाइप करतो आहे. दोन ओळी झाल्या की डोळे मिटून बसावं लागतं, म्हणून तीन दिवस लागले.

तू हॉलमध्ये जे बोललीस ते देविकानं मला दोनदा वाचून दाखवलं.  तिनं माझ्यावर इतके आठवडे जो राग धरला होता, तो त्या दिवशी सोडला. मीही तिला म्हटलं, चुकलं माझं. एवढं साधं वाक्य, पण डोकं फुटल्याशिवाय तोंडातून निघालं नाही.

मी दिवसा व्हरांड्यात बसतो. समोरून पोरं सायकलवर शाळेत जातात, डोक्यावर रंगीबेरंगी हेल्मेट. पूर्वी मला ती अळंब्यांसारखी दिसायची. आता ती जाताना मी प्रत्येकाकडे नीट बघतो, पट्टा लावलाय की नाही.

गिरगाव मला फार आठवतं ताई. पडून असताना मी मनातल्या मनात सायकल चालवतो. पोर्तुगीज चर्चपासून निघतो, वाडीत शिरतो, आमच्या जुन्या घराच्या लाकडी जिन्याला वळसा घालतो. आईच्या हातच्या कोलंबीच्या भानोल्याचा वास येतो. तिथं कधी चक्कर येत नाही.

एक मार्चचं वाचून मला फार लागलं. तुझ्याच तोंडचे नियम, आणि त्यात तूच बाहेर. पण तोपर्यंत दिवस आहेत. एकही सोडू नकोस. आणि राजसवर रागावू नकोस. मुलं घाबरली की अशीच बोलेनाशी होतात. मला घरीच अनुभव आला आहे.

तुझा
मनू


गिरगाव,
२ मार्च २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. फेब्रुवारीत एकही पहाट सोडली नाही. हेल्मेट विकत घेतलं, पांढरं. शैलानं आणून दिलं, राजसला न सांगता. ते घातलं की कानातलं मशीन काढून ठेवावं लागतं. म्हणजे अगदी शांत. फक्त वारा, तोही जरा लांबून आल्यासारखा. पण येतो.

शनिवारी शेवटचा दिवस होता. ऋग्वेदाला म्हटलं, आज तू झोप, मी एकटी जाते. बाहेरच्या खोलीत आले तर राजस बूट घालून खुर्चीत बसलेला. मला वाटलं, आज अडवणार. तो उठला. "चल," म्हणाला. जिना उतरताना माझ्यापुढे चालला, मी घसरले तर अडवता यावं म्हणून. त्याच्या हातात ऋग्वेदाचं हेल्मेट होतं, गुलाबी.

त्यानं दुसरी सायकल घेतली. कित्येक वर्षांत त्यानं चालवली नसावी. पहिल्या वळणावर त्यानं फुटपाथच्या कडेला चाक घासलं. मी ओरडले, "पुढे बघ! चाकाकडे नको, पुढे बघ!" ओरडल्यावर माझं मलाच हसू आलं. तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही.

आम्ही चौपाटीवरून मरीन ड्राइव्हला लागलो. समुद्र अजून करडा होता. फिरायला आलेली माणसं तुरळक. अर्ध्या वाटेत तो थांबला, मीही थांबले, कठड्यापाशी. मी मशीन कानात घातलं. तो धापा टाकत होता.

"आई, तुला हे कधीपासून येतं?"

"तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून."

"बाबांना ठाऊक होतं?"

"नसावं."

"मला का नाही सांगितलंस?"

काय सांगू? तुझी शाळा, तुझे डबे, तुझ्या बाबांचं आजारपण, त्यात हे कुठे सांगायचं? मी म्हटलं, "विषयच निघाला नाही रे."

तो समुद्राकडे वळला. मग म्हणाला, "त्या हॉलमध्ये मला वाटलं, ही बाई कोण आहे? मी हिला ओळखत नाही. घाबरलो मी, आई." पन्नाशीला आलेला माझा मुलगा, डोक्यावर गुलाबी हेल्मेट, आणि डोळ्यांत पाणी. मी त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट केला. तेवढंच सुचलं.

मग मी बोलत सुटले. ट्रॅमच्या रुळांचं सांगितलं, बैलगाडीचं सांगितलं, तुझं सांगितलं. माझ्या आईनं एकदा मला सायकलवर पाहिलं आणि रागवायच्या ऐवजी घरात जाऊन परकर चाकात अडकू नये म्हणून त्याला आतून गुंड्या लावून दिल्या, तेही सांगितलं. हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. तो विचारत राहिला. "मग?" "मग काय केलंस?" ऊन तापेपर्यंत आम्ही तिथंच होतो. ऑफिसला उशीर होईल म्हटलं, तर म्हणाला, "होऊ दे."

परत आलो. मी सायकल तिच्या जागी उभी केली. कुलूप पडलं. फोनवर आभाराची ओळ आली. मला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. सीटवर हात फिरवला आणि घरी आले. दुपारी मात्र खूप झोपले.

काल पहाटे सवयीनं जाग आली. म्हटलं, आता उठून काय करायचं? पडून राहिले. तेवढ्यात दार वाजलं. राजस.

"सायकल नाही रे आता," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "चप्पल घाल. फणसवाडीत तुमचं घर कुठे होतं, ते मला दाखव."

तुझी
सुमाताई